टाकीवर विनाइल चढवण्याआधी

पाच-सहा वर्षं वापरलेल्या मोटरसायकलचा रंग विटला की मालकापुढे आजवर दोनच वाटा असायच्या. टाकी काढून पेंटरकडे द्यायची, नाहीतर गाडी तशीच चालवायची. आता तिसरी वाट नाक्यावरच्या रेडियमच्या दुकानात टांगलेली दिसते: विनाइल रॅप. मॅट काळा, सॅटिन निळा, कार्बन फायबरची जाळी, मागाल तो रंग. गाडी दोन दिवसांत परत. कंटाळा आला की फिल्म काढा, खाली मूळ रंग जसाच्या तसा. दुकानदार सांगतो त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त शेवटच्या वाक्याला एक अट आहे आणि ती तो सहसा बोलून दाखवत नाही. खालचा रंग मुळात धड असला पाहिजे.

रॅप की रंग, हे कोणती छटा आवडली यावरून ठरवू नका. गाडीचा आत्ताचा रंग पत्र्याला किती घट्ट धरून आहे, यावरून ठरवा. पेंटर जुना रंग पॉलिश पेपरने घासतो, पोचे लांबी भरून सपाट करतो, प्रायमर मारतो, मग रंग आणि वर क्लिअर कोट देतो. तो पृष्ठभाग नव्याने घडवतो. फिल्म यातलं काहीच करत नाही. चांगल्या रॅप फिल्मची जाडी साधारण ८० ते १०० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्या पातळ थराखाली धुळीचा कणसुद्धा उठून दिसतो, तिथे पोचा, पोपडा आणि गंजाचा फोड लपण्याची आशा कशाला धरायची? चकचकीत फिल्मखाली हे दोष आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतात. मॅटखाली थोडे दबतात, इतकंच.

उलट बाजूही सांगायला हवी. रंग शाबूत आहे पण निस्तेज झालाय, बारीक ओरखड्यांचं जाळं पडलंय, किंवा गाडी नवी आहे आणि तुम्हाला लाल सोडून दुसरं काहीतरी हवंय, तर फिल्म हा पेंटपेक्षा शहाणपणाचा पर्याय आहे. कंपनीत भट्टीत वाळवलेला रंग गल्लीतल्या गॅरेजात पुन्हा तसा होत नाही. तो घासून काढण्यापेक्षा झाकून ठेवणं बरं. नव्या गाडीचा रंग आवडतोय आणि फक्त तो जपायचाय, अशांनी रंगीत विनाइलच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी पारदर्शक पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, असते. ती विनाइलची नसून पॉलियुरेथेनची, जाडीला साधारण दुप्पट आणि उडालेल्या खडीचा मार सोसणारी असते.

चुंबक, नख आणि चिकटपट्टी

दुकानात जाण्याआधी गाडी घरी स्वच्छ धुवा आणि कोवळ्या उन्हात उभी करा. दुपारच्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली दोष दिसत नाहीत. तिरप्या प्रकाशात दिसतात. टाकीवरून बोटांची टोकं हळू फिरवा. खडबडीत पुरळ लागलं तर तो एकतर वर चिकटलेला डांबराचा, झाडाच्या चिकाचा कण असेल, नाहीतर रंगाखालून वर येणारा गंज. पहिला निघतो, दुसरा निघत नाही. गंज शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: टाकीच्या खालच्या बाजूचा वेल्डिंगचा जोड, झाकणाभोवतीचा खड्डा जिथे पावसाचं पाणी साचतं, सीटच्या टोकाखाली घासणारा टाकीचा मागचा भाग आणि पत्र्याच्या मडगार्डची खालची कड. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीची टाकी सोडवून उलटी करून बघितल्याशिवाय काही ठरवू नका. गंजावर फिल्म लावली तर तो थांबत नाही. आत अडकलेल्या ओलाव्यावर आणखी पसरतो आणि फिल्म काढाल तेव्हा रंगासकट सुटतो.

दुसरी तपासणी जुन्या अपघाताची. टाकी पत्र्याची असेल तर फ्रिजवरचं एखादं पातळ चुंबक कपड्यात गुंडाळून तिच्यावरून फिरवा. सगळीकडे सारखं चिकटत आलं आणि एके ठिकाणी सैल पडलं, तर तिथे लांबी भरलेली आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ही परीक्षा आवर्जून करा. विकणाऱ्याने "ओरिजिनल पेंट" म्हटलेलं असतं आणि चुंबकाला ते ठाऊक नसतं. रबरी बुशांवर, वायरिंगवर, स्क्रूच्या डोक्यांवर रंगाचे तुषार दिसले, तरी गाडी एकदा रंगवलेली आहे असं समजा.

तिसरी परीक्षा चिकटपट्टीची. सहजी न दिसणाऱ्या जागी, म्हणजे साइड पॅनलच्या आतल्या कडेला किंवा सीटखाली, खोकी बंद करायची जाड तपकिरी पट्टी घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे कण चिकटून आले तर विषय संपला. गाडी पेंटरकडेच जायला हवी. फिल्मचा गोंद त्या पट्टीपेक्षा चिवट असतो आणि काही वर्षांनी तो निघेल तेव्हा रंगही घेऊन जाईल. घरी स्प्रे कॅन मारून रंगवलेल्या टाक्यांची बहुधा हीच गत होते. गॅरेजमध्ये नुकताच नीट रंग दिला असेल, तर त्यातलं थिनर पूर्ण उडून जाईपर्यंत निदान महिनाभर थांबा. घाई केली तर खालून निघणाऱ्या वाफेचे फुगे येतात.

या तिन्हींतून गाडी पार पडली, तरी सगळी गाडी रॅप होत नाही हे ध्यानात ठेवा. टाकी, साइड पॅनल, सीटमागचं काऊल, रंगवलेलं पुढचं मडगार्ड, हेडलाइटभोवतीचं व्हायझर: झालं, एवढंच. खरखरीत, न रंगवलेलं काळं प्लास्टिक गोंदाला धरत नाही. गुळगुळीत क्रोमवरही कडा लवकर सुटतात. सायलेन्सर, इंजिनची कव्हरं आणि त्यांच्या बोटभर अंतरातले भाग तापतात, तिथे विनाइल आकसतं आणि करपतं. चाकांवर काही जण लावून देतात. टायर बदलणाऱ्याची पहार पहिल्या पंक्चरलाच हिशेब चुकता करते. हेडलाइटवर आणि इंडिकेटरवर धुरकट फिल्म लावायचा मोह तर मुळीच नको. रात्री खंबाटकी घाटात दोन हात लांबचा खड्डा दिसला नाही की तिची खरी किंमत कळते.

रोलवर काय लिहिलंय

विनाइल म्हणजे पीव्हीसीची फिल्म, पण ती बनवायच्या दोन पद्धती आहेत आणि दरांतला बराचसा फरक तिथेच असतो. एका पद्धतीत गरम पीव्हीसी रुळांमधून दाबून लाटत पातळ करतात. ही कॅलेंडर्ड फिल्म. लाटताना तिच्यात ताण राहून जातो आणि ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे परत जाऊ बघते, म्हणजेच आकसते. दुकानाच्या पाट्या, काचेवरची अक्षरं, बसच्या सपाट बाजू यांना ती चालते. दुसऱ्या पद्धतीत पातळ द्रव पीव्हीसी एका कागदावर ओतून भट्टीतून नेतात. ही कास्ट फिल्म. तिच्यात ताण जवळपास नसतो, म्हणून गोलाईवर ती बसते आणि बसलेली राहते. मोटरसायकलवर सपाट भाग शोधून सापडत नाही. तेव्हा मोटरसायकलसाठी कास्टच.

थ्रीएमची २०८० मालिका, एव्हरी डेनिसनची एसडब्ल्यू९००, ओराकलची ९७०आरए ही कास्ट रॅप फिल्मची जगभर वापरातली नावं. या फिल्मच्या गोंदात हवा बाहेर काढणाऱ्या बारीक वाटा असतात, त्यामुळे फुगे बोटाने दाबूनही सरकतात. स्वस्त फिल्मही हल्ली अशा वाटा पाडणाऱ्या जाळीच्या कागदावर येतात, म्हणून नुसती जाळी बघून भुलू नका. "इम्पोर्टेड आहे साहेब" हे काही उत्तर झालं नाही. रोल समोर उघडायला सांगा, मागच्या कागदावरचं कंपनीचं आणि मालिकेचं नाव वाचा आणि तेच बिलावर लिहून घ्या. शंका वाटली तर काडेपेटीएवढा तुकडा मागा, कागद सोलून काढा आणि न ताणता त्याला हीट गनची धग द्या. कॅलेंडर्ड तुकडा लगेच आखडून गोळा होऊ लागतो. कास्ट मऊ पडतो, पण आकार बराचसा टिकवतो.

फिल्मच्या आयुष्याचे जे आकडे कंपन्या देतात, ते बहुतेक उभ्या पृष्ठभागासाठी असतात. कारच्या दारासाठी ते ठीक. मोटरसायकलच्या टाकीचा माथा आडवा असतो आणि ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात तापतो. तिथे तीच फिल्म बरीच लवकर थकते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा काळ्या टाकीला हात लावून बघा म्हणजे पटेल. फिल्म गाडी विकेपर्यंत ठेवायची वस्तू नाही. ठिसूळ होण्याआधी काढायची वस्तू आहे.

दरांविषयी एकच सांगतो. कोटेशन भागांनुसार मागा: टाकीचे किती, पॅनलचे किती, काऊलचे किती. रोल साधारण दीड मीटर रुंदीचा येतो आणि मोटरसायकलला त्यातली फार लांबी लागत नाही. पैसे मुख्यतः हाताच्या कामाचे असतात आणि त्यातलेही बहुतेक टाकीचे. म्हणूनच ज्याचा दर इतरांच्या निम्म्यावर आहे, तो मजुरीत नव्हे तर फिल्ममध्ये कपात करतोय असं धरून चाला. कारागीर निवडताना कालच केलेली गाडी बघू नका, कालची सगळ्यांचीच छान दिसते. एक पावसाळा खाल्लेली गाडी दाखवायला सांगा आणि तिच्या कडा बघा. पॅनल सोडवून काम करणार की जागेवरच, टाकीवर ब्लेड चालवणार का, रंग निघून आला तर जबाबदारी कुणाची, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे.

स्वतः करायचं असेल तर

साइड पॅनल आणि मडगार्ड घरी होतं. धीर हवा आणि एखादा शनिवार-रविवार. सामान फारसं नाही: कडेला मऊ कापड लावलेली प्लास्टिकची पट्टी, हीट गन, तिरप्या टोकाची नवी ब्लेडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारी फडकी आणि शक्य झालं तर करोनाच्या काळात घरोघरी आली तशी, पण वस्तूंचं तापमान मोजणारी, इन्फ्रारेड बंदूक. कपाळाचं तापमान मोजणारी इथे उपयोगाची नाही. ब्लेड स्वस्त असतं. बोथट झालं की मोडून पुढचं काढा. बोथट ब्लेड फिल्म कापत नाही, ओरबाडते.

पॅनल सोडवूनच काम करा. सोडवलं की कड आत वळवता येते आणि वळवलेली कडच टिकते. थ्रीडी बॅज आणि वरून चिकटवलेले स्टिकर गरम करून, मागून मजबूत दोरा करवतीसारखा फिरवत काढा. क्लिअर कोटच्या आत गाडलेले स्टिकर निघत नाहीत. त्यांची कड नखाला लागत असेल तर ती फिल्मखालूनही दिसेल, हे आधीच मान्य करून टाका.

मग सफाई, आणि इथेच निम्मं काम आहे. शाम्पूने धुवा, डांबराचे डाग काढा, पाणी पूर्ण सुकू द्या. सर्व्हिसिंगनंतर गाडी चमकावी म्हणून जे पॉलिश फवारतात त्यात सिलिकॉन असतं आणि ते नुसत्या पाण्याने जात नाही. दोन फडकी घ्या, एकाने अल्कोहोल लावा, ते उडायच्या आत दुसऱ्याने पुसा. कोपरे, स्क्रूची भोकं, पॅनलची आतली कड पुन्हा पुसा. फिल्म आधी तिथूनच सुटते. यानंतर पृष्ठभागाला उघड्या बोटाने हात लावायचा नाही. खोलीतला पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. २० ते २५ अंशांचं तापमान सगळ्यांत सोयीचं, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ. मे महिन्याच्या दुपारी फिल्म लोळागोळा होते आणि गोंद पहिल्या स्पर्शालाच पकडतो. भर पावसाळ्यात पॅनलच्या फटींतून ओल येत राहते.

फिल्म पॅनलपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठी कापा. मेटॅलिक किंवा कार्बनची जाळी असेल तर सगळे तुकडे रोलच्या एकाच दिशेने कापा, नाहीतर उन्हात डावं पॅनल एका छटेचं आणि उजवं दुसऱ्या छटेचं दिसेल. कागद काढून फिल्म अलगद टाका, मध्यभागी पट्टीने एक रेघ मारून टेका द्या आणि तिथून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक फटका आधीच्याच्या निम्म्यावर येईल असा, दाबत जा. सुरकुती आली की नवशिका ती दाबायला जातो. तसं करू नका. फिल्म तिथवर परत उचला, हलकी धग द्या, ती आपोआप सपाट होते, मग पुन्हा बसवा. ताण सगळीकडे सारखा द्या आणि कमी द्या. एकाच कोपऱ्यात खूप ताणलेली फिल्म आज गुळगुळीत दिसते, तिथे रंग फिका पडतो आणि पहिल्या उन्हाळ्यात ती मागे सरकून पांढरी कड उघडी पडते.

कड पाच ते दहा मिलिमीटर आत वळवून कापा. आणि मग ती पायरी येते जी घाईत असलेले कारागीर गाळतात. वळवलेला आणि ताणलेला प्रत्येक भाग हीट गनने शेवटी एकदा चांगला तापवायचा, बहुतेक कास्ट फिल्मना साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत. नेमका आकडा त्या फिल्मच्या तांत्रिक पत्रकात असतो. कामाच्या वेळची हलकी धग वेगळी आणि ही वेगळी. एवढी उष्णता मिळाली की फिल्म जुना आकार विसरते आणि नव्या आकारात स्थिर होते. ती न मिळालेली कड आठवडाभर शहाण्यासारखी बसते आणि मग उचलते. राहिलेला मोठा फुगा ब्लेडने कापू नका. बारीक सुईने तिरपं टोचून हवा बाहेर दाबा. मोहरीएवढे फुगे तसेच सोडा, उन्हात काही दिवसांनी ते जिरतात.

टाकी

टाकी हा वेगळा विषय आहे. तिला एकाच वेळी दोन दिशांना गोलाई असते, गुडघ्याच्या जागी खोलगट बाक असतो आणि माथ्यावर झाकणाचं भोक. क्लासिक ३५० ची थेंबाच्या आकाराची टाकी लांबून साधी वाटते, पण एका तुकड्यात ती गुंडाळायला गेलं की खालच्या बाजूला सगळ्या सुरकुत्या गोळा होतात. पल्सरसारख्या धारदार रेषांच्या टाक्या उलट सोप्या पडतात, कारण तिथे जोड लपवायला रेघ मिळते. एकाच तुकड्याचा हट्ट धरू नका. दोन बाजूंचे दोन तुकडे आणि माथ्यावरून मधला एक, अशी विभागणी अनुभवी लोकही करतात. जोड पाच-सहा मिलिमीटर एकावर एक घ्यायचा आणि कौलांसारखा: वरचा तुकडा खालच्यावर, पुढचा मागच्यावर, म्हणजे पाणी आणि वारा दोन्ही जोडावरून निघून जातील, जोडात शिरणार नाहीत.

टाकीवर ब्लेड चालवू नका आणि कारागिरालाही चालवू देऊ नका. फिल्म कापताना पातं रंगात जातं, पत्र्यापर्यंत चर पडते आणि काही पावसाळ्यांनी त्या चरीतून गंजाची सरळ रेघ उमटते. यासाठी नाइफलेस टेप मिळते. तिच्यात बारीक तार असते. टेप आधी टाकीवर रेषेत चिकटवायची, वरून फिल्म बसवायची आणि तार ओढली की फिल्म आतून कापली जाते, रंगाला धक्का लागत नाही. तुमचा कारागीर ही टेप वापरतो का, एवढ्या एका प्रश्नाने त्याची पातळी कळते.

आता पेट्रोल. हीट गनचं तोंड काहीशे अंश तापतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, दिसत नाही. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. म्हणून टाकी गाडीवर असताना, पेट्रोल असताना किंवा आदल्या तासाला रिकामी करून तिच्यावर हीट गन धरायची नाही. टाकी सोडवा, पूर्ण रिकामी करा, उघड्यावर नीट वाळू द्या, वास पूर्ण गेल्याची खात्री करा, सगळी तोंडं बंद करा आणि काम मोकळ्या हवेच्या जागी, पेट्रोलचा कॅन दूर ठेवून करा. हे सगळं घरी होण्यासारखं नसेल तर टाकी व्यावसायिकाकडेच द्या आणि तोही हे करतो का ते बघा. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये हे काम करू नका.

पेट्रोल फिल्मचाही शत्रू आहे. सांडलेलं लगेच पुसलं तर निभावतं. कडेखाली शिरलं तर गोंद मऊ होतो आणि फिल्म फुगते. झाकणाची रिंग सोडवून फिल्म तिच्याखाली नेली तर दिसायला सुबक होतं, पण पेट्रोल झिरपलं की ते कळायला उशीर होतो. माझं मत असं, की रिंगभोवती दोन-तीन मिलिमीटर मूळ रंग उघडा ठेवावा आणि त्या कडेला एज सीलर लावावा. पंपावर "फुल" म्हणायची सवय असेल तर ती सोडावी. नोझल बाहेर काढताना जे ओघळतं ते याच कडेवर.

पहिले दिवस आणि पुढचे

गोंद पूर्ण पकडायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर गाडी भिजवू नका. धुणं आठवडाभर पुढे ढकला. नंतर बादली, सौम्य शाम्पू आणि मऊ फडकं पुरे. वॉशिंग सेंटरला गाडी दिलीच, तर प्रेशरचा पाइप कडांवर जवळून मारू नका आणि शेवटी डिझेल किंवा रॉकेलचा फवारा नको, हे दोनदा बजावून सांगा. आपल्याकडे चमक यावी म्हणून तो सर्रास मारतात आणि विनाइलसाठी तो विषच. मॅट फिल्मवर वॅक्स, पॉलिश काहीही लावायचं नाही. ते लावलं की डागडाग चकाकतात आणि मग पुन्हा मॅट होत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक तापलेल्या फिल्ममध्ये मुरतो, त्यामुळे दिसला की ओल्या फडक्याने भिजवून काढा.

फिल्म झिजते ती मात्र बहुतेक गुडघ्यांमुळे, जीनच्या पँटच्या बटणामुळे, टँक बॅगच्या पट्ट्यांमुळे आणि किल्लीच्या जुडग्यामुळे. टँक पॅड लावा, जुडगं हलकं करा. दमट हवेत गाडीवर कव्हर घालायचं तर फिल्म आधी कोरडी करा, आणि वाऱ्यात फडफडणारं सैल कव्हर नकोच.

आरटीओचं काय?

आरसी बुकावर गाडीचा रंग नोंदलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरफाराविषयी आहे, आणि नोंदणीतला तपशील प्रत्यक्ष गाडीशी जुळला पाहिजे हे त्यामागचं सूत्र. मूळ रंगाचीच फिल्म, पारदर्शक फिल्म किंवा एखादी पट्टी यांनी काही बिघडत नाही. पण लाल गाडी पूर्ण निळी केली तर नाक्यावरच्या हवालदाराला आरसीवर लाल दिसणार. "हा रंग नाही, फिल्म आहे" हा युक्तिवाद तिथे उन्हात उभं राहून करण्यात अर्थ नाही. रंग बदलायचाच असेल तर काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा, परवानगी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या.

एक रंग मात्र विचारूही नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. मॅट मिलिटरी ग्रीन फिल्म दुकानांत राजरोस टांगलेली असते आणि बुलेटवाल्यांमध्ये ती फार लोकप्रिय आहे. विकणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही, तुमच्यावर येते. नंबर प्लेटवर कसलीही फिल्म नको, आणि चासी नंबरची पट्टी झाकू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. पॉलिसीत फिल्मची किंमत आपोआप धरलेली नसते. अपघातात पॅनल बदललं तर त्यावर पुन्हा फिल्म चढवायचा खर्च कुणाचा, हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

काढायची वेळ

फिल्म कधी काढायची हे तीच सांगते. माथ्यावरची चमक जाऊन खडूसारखी भुकटी हाताला लागायला लागली, कडा आखडून खालचा रंग रेघेसारखा दिसू लागला, किंवा नखाने उचललेला कोपरा ताणला जाण्याऐवजी तुटला, की उशीर करू नका. त्यापुढे प्रत्येक महिना काढण्याचं काम कठीण करतो. फिल्म मग पापुद्र्यांनी निघते आणि गोंद गाडीवर राहतो.

कोपरा हीट गनने किंवा, टाकी असेल आणि आत पेट्रोल असेल तर, फक्त गरम पाण्यात पिळलेल्या जाड टॉवेलने ऊब देऊन सोडवा. मग फिल्म वर न उचलता, पृष्ठभागालगत मागे दुमडून, सावकाश आणि न थांबता ओढा. हिसका दिला की गोंद मागे राहतो आणि कमकुवत रंग वर येतो. राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा गोंद काढायच्या द्रवाने भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने काढा. लोखंडी खरवडणी आणि पेट्रोलचा बोळा दोन्ही टाळा. खालचा रंग झाकलेल्या जागी गडद आणि उघड्या जागी फिका दिसेल; बफिंगने तो फरक बराच कमी होतो.

गाडी विकायची असेल तर हे सगळं गिऱ्हाईक येण्याआधी उरका. फिल्मखाली काय आहे हा संशय किमतीतून वजा होतो, आणि आरसीवर नोंदलेला मूळ रंग समोर दिसला की नाव बदलायच्या वेळी कुणी प्रश्न विचारत नाही.